बसता न येणारा माणूस

आषाढ लागला की आमच्या शेलूत दोनच विषय असतात, पाऊस आणि गुडघे. कर्जत लाइनवर वांगणी आणि नेरळ यांच्या मधले हे छोटे स्टेशन. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि मधे भाताची खाचरे. लावणीच्या दिवसांत बायामाणसे सकाळपासून कमरेत वाकलेली असतात आणि संध्याकाळी घरी परतताना बांधावर क्षणभर थांबून पाठ सरळ करतात. अलीकडे गावाभोवती नव्या इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेली मंडळी त्यांत राहायला आली. शेतावर राबलेल्यांचे आणि लोकलमध्ये लोंबकळलेल्यांचे जग तसे वेगळे. पण गप्पा सुरू झाल्या की दोघांची भाषा एक होते. कुणाची वाटी झिजलेली असते, कुणाचे वंगण संपलेले असते, कुणाच्या मणक्यात गॅप आलेला असतो, तर कुणाची गादी सरकलेली असते. या सगळ्याला आपण नाव एकच देतो, संधिवात. आणि कारणही एकच सांगतो, वय झाले.

मी लोकलवाल्यांपैकी. शेलूहून मुंबईला जायचे म्हणजे एका बाजूने ऐंशीहून अधिक किलोमीटरचा रेल्वेप्रवास. तो तीस वर्षे केला. निवृत्तीनंतर आता निवांत बसू म्हटले, तर नेमका कमरेने असहकार पुकारला. वीस मिनिटे बसलो की कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाई, पायाला मुंग्या येत. उभा राहिलो की बरे वाटे, आडवा झालो की आणखी बरे. फक्त बसणे जमेना.

बसता न येणे म्हणजे काय, हे ज्याला बसता येते त्याच्या लक्षात यायचे नाही. आपला सारा संसार आणि समाज बसण्यावर उभा आहे. पंगत, कीर्तन, पूजा, नाटक, सभा, सगळीकडे बसायचे. एखाद्या घरी दुःखद घटना घडली तरी आपण बसायलाच जातो. दारात पाहुणा आला की आपल्या तोंडून पहिले शब्द निघतात ते या, बसा असे. ज्याला बसता येत नाही तो हळूहळू या सगळ्या ठिकाणांहून वजा होत जातो. त्याला कुणी हाकलत नाही, तोच जायचा थांबतो. सांध्यांच्या झिजेचे हे रूप एक्स-रेत दिसत नाही. आधी शरीराची एक ठेवण जाते, मग त्या ठेवणीत करायचे काम जाते, आणि मग त्या कामाच्या निमित्ताने भेटणारी माणसे जातात.

त्या दिवसांत मी बाबा आमट्यांच्या चरित्राकडे वळलो. बाबा आमटे म्हटले की आपल्याला आनंदवन आठवते, कुष्ठरोग्यांची सेवा आठवते, खादीची बंडी आणि अर्धी विजार आठवते. पण या माणसाला आयुष्याच्या उत्तरार्धात कित्येक वर्षे बसताच येत नव्हते, ही गोष्ट चरित्रांत एखाद्या ओळीत येते आणि निघून जाते. पाठीच्या मणक्यांची झीज इतकी झाली होती की त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले होते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. मी त्यांचे आयुष्य या टोकाकडून पाहू लागलो, आणि ते मला वेगळेच दिसले.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे, सुखवस्तू. वडील सरकारी अधिकारी. तरुणपणी मुरलीधरपंतांना शिकारीचा नाद, वेगवान मोटारीचा नाद आणि इंग्रजी चित्रपटांचा तर फारच. चित्रपटांची परीक्षणे ते लिहीत असत. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. बेचाळीसच्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या खटल्यांत ते बचावासाठी उभे राहिले. रेल्वेच्या प्रवासात गोऱ्या सैनिकांनी एका तरुणीची छेड काढली तेव्हा हा गडी एकटा त्यांना भिडला. ही हकीकत ऐकून गांधीजींनी त्यांना अभयसाधक हे नाव दिले.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांची बाजू घेतली आणि स्वतः काही महिने मैल्याची टोपली डोक्यावर वाहिली. त्याच काळात पावसात गटारीच्या कडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. कुणालाही न भिणारा हा माणूस तिथून घाबरून पळाला. पण त्या भीतीने त्यांना झोपू दिले नाही. ते परतले आणि तुळशीरामची त्याच्या अखेरीपर्यंत शुश्रूषा केली. आनंदवनाची गोष्ट तिथून सुरू होते.

१९४६च्या डिसेंबरात नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि इंदूच्या साधनाताई झाल्या. पुढे बाबांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास केला. जंतूंवरच्या प्रयोगासाठी त्यांनी तिथे स्वतःचे शरीर देऊ केले होते. १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर मूठभर रुग्णांना बरोबर घेऊन आनंदवन सुरू झाले. विहीर खणायची, दगड फोडायचे, झोपड्या बांधायच्या, जमीन लागवडीखाली आणायची, हे सारे त्या रुग्णांच्या आणि आमटे कुटुंबाच्या हातांनी झाले. १९६७मध्ये सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला आणि १९७३मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. हेमलकशाची जबाबदारी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी घेतली, आनंदवनाची डॉ. विकास आणि डॉ. भारती यांनी.

मणक्यांचे दुखणे बाबांच्या मागे लागले ते या कामाच्या धबडग्यातच. मान आणि कंबर या दोन्ही ठिकाणचे मणके त्यांना छळू लागले. स्पाँडिलोसिस हे त्याचे वैद्यकातले नाव. मणक्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे बांधले गेले, पण बसणे काही परत आले नाही.

हा आजार म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेऊ. आपल्या पाठीच्या कण्यात मानेचे सात, छातीमागचे बारा आणि कमरेचे पाच असे चोवीस हलते मणके असतात. त्यांतल्या बहुतेक मणक्यांच्या मधे एकेक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. या गादीच्या पोटात पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत गर असतो आणि बाहेरून चिवट तंतूंचे कडे. शिवाय प्रत्येक मणका खालच्या मणक्याशी मागच्या बाजूने दोन लहान सांध्यांनी जोडलेला असतो. गुडघ्यात असते तशीच गुळगुळीत कूर्चा आणि तसेच वंगण या सांध्यांतही असते. वय वाढते तसा गादीतला पाण्याचा अंश कमी होतो, तिची उंची घटते आणि मागच्या लहान सांध्यांवर भार येतो. त्यांची कूर्चा विरळ होते. हाड स्वतःला सावरायला कडेने वाढते. त्या वाढीलाच आपण काटे म्हणतो. कधी या सगळ्या गर्दीत बाहेर पडणाऱ्या नसेची वाट अरुंद होते आणि दुखणे कमरेतून पायात किंवा मानेतून हातात उतरते.

गुडघ्यात किंवा खुब्यात हीच गोष्ट घडली की तिला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आमवात वेगळा. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते, सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा बराच वेळ टिकतो आणि औषधेही निराळी लागतात. दोन्हींना संधिवात म्हणून मोकळे होण्यात तोटा रुग्णाचा असतो. झिजेचा हा आजार काही थोडाथोडका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. त्यांत साठ टक्के स्त्रिया, आणि सर्वांत जास्त त्रास गुडघ्यांचा.

झीज हा शब्दही अर्धाच खरा आहे. टायर झिजतो तसा सांधा नुसता घासून झिजत नाही. कूर्चा, खालचे हाड, आतले अस्तर, भोवतालचे स्नायू असा सगळा सांधाच आजारी पडतो आणि त्यात सौम्य दाहही असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की स्पंजासारखी ती द्रव बाहेर टाकते आणि दाब सुटला की आत ओढून घेते. याच उघडझापेतून तिचे पोषण होते. म्हणून सांधा वापरलाच नाही तर तो जास्त दिवस टिकतो, ही आपली समजूत उलटी आहे. न हलणारा सांधा उपाशी राहतो आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू वाळतात.

मग बसणेच का जड जाते? १९६०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी कमरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. आडवे असताना तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर वाढलेला आणि पाठीला टेकू न देता बसल्यावर त्याहून जास्त, असे त्यांना आढळले. पुढच्या मोजमापांत उभे राहणे आणि बसणे यांतला फरक त्यांच्या आकड्यांइतका मोठा निघाला नाही, पण वाकून, पोक काढून बसण्याने भार वाढतो हे पक्के झाले. अर्थात सर्वांचे दुखणे सारखे नसते. ज्यांची मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असते त्यांना उलट बसल्यावर, पुढे झुकल्यावर आराम पडतो आणि चालताना पाय भरून येतात. शेजाऱ्याला लागू पडलेला सल्ला आपल्याला लागू पडेलच असे नाही, तो यामुळेच.

बाबांचे चरित्र वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की डोक्यावर टोपली वाहिली, दगड फोडले, म्हणून पाठ गेली असणार. गोष्ट म्हणून हे शोभून दिसते, पण विज्ञान इतके सोपे उत्तर देत नाही. भार उचलणे, सतत वाकणे, उकिडवे बसून काम करणे यांचा वाटा असतो खरा. आमच्या खाचरांतल्या बायका त्याची साक्ष देतील. पण फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या मणक्यांची तपासणी झाली तेव्हा वेगळेच दिसले. एकाने जन्मभर जड काम केले आणि दुसऱ्याने बैठे, तरी दोघांचे मणके बरेचसे एकमेकांसारखे निघाले. गाद्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा आधी वाटत होता त्याहून खूप मोठा आहे, असे त्यातून पुढे आले. श्रम केले म्हणून शिक्षा झाली, असा हिशेब शरीर मांडत नाही.

आणखी एक आकडा मला दिलासा देणारा वाटला. कसलेही दुखणे नसलेल्या माणसांच्या मणक्यांचे स्कॅन तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी ही झीज बहुतेकांना होते, पण ती सर्वांनाच दुखत नाही. फिल्मवर काय दिसते यापेक्षा माणसाला काय करता येईनासे झाले, हा प्रश्न डॉक्टरला आणि घरच्यांनाही जास्त महत्त्वाचा वाटायला हवा. माझा स्कॅन पाहून एका डॉक्टरांनी वयाचा दाखला दिला आणि पुढचा नंबर पुकारला. वय मला ठाऊक होते. कसे जगायचे ते विचारायचे होते.

त्याचे उत्तर मला बाबांच्या एकाहत्तराव्या वर्षात सापडले. १९८५. देशात फुटीरतेची भाषा वाढलेली, पंजाब धुमसत होता. त्याच वर्षी बाबांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. आता विश्रांती घ्या, असे त्यांना कुणी म्हटले असते तर त्यात गैर काय होते? पण २४ डिसेंबर १९८५ रोजी त्यांनी कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान सुरू केले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, आणि काश्मीरच्या दिशेने पाच हजारांहून अधिक किलोमीटरचा रस्ता. यात्रा निघाल्यावर दोनच दिवसांनी बाबांना एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली. सायकल सोडाच, त्यांना मोटारीच्या सीटवरही बसणे शक्य नव्हते. मग काय केले? गाडीतच बिछान्याची सोय केली. बाबा आडवे होऊन प्रवास करीत, मुक्काम आला की उतरून उभे राहत आणि लोकांशी बोलत. १९८८-८९मध्ये त्यांनी दुसरी यात्रा काढली, अरुणाचल प्रदेशातल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत. तो रस्ता सात हजार किलोमीटरांच्याही वरचा होता.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो बिछाना. त्याच्याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. पण नीट विचार केला तर त्या बिछान्यात अख्खे उत्तर आहे. शरीर बसणार नाही हे बाबांनी मान्य केले होते. ते नाकारून, दात-ओठ खात सीटवर बसून दाखवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. आणि बसता येत नाही म्हणून जाणारच नाही, असेही म्हटले नाही. शरीर बदलत नसेल तर गाडी बदलायची, इतका साधा विचार. आडवे असणे आणि अंथरुणाला खिळणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, ते त्या गाडीने हजारो किलोमीटर चालून दाखवले.

आनंदवनाच्या संदर्भात वेदनेची आणखी एक बाजू आहे. कुष्ठरोगात नसा बधिर होतात आणि हातापायांची संवेदना जाते. बोटे झडतात ती बरीचशी याचमुळे. चटका बसला, काच रुतली, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते. बाबांच्याच वयाचे, १९१४मध्येच तमिळनाडूच्या डोंगराळ भागात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करता करता हे जगाला पटवून दिले, की वेदना नसणे हेच या रुग्णांचे मोठे संकट आहे. बधिर झालेल्या पायाचा सांधा तर नकळत चुरा होईपर्यंत झिजतो. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८मध्ये अशा सांध्यांचे वर्णन केले, म्हणून त्याला शार्कोचा सांधा म्हणतात. म्हणजे आनंदवनात एकीकडे वेदना हरवल्याने सांधे गमावलेली माणसे होती आणि दुसरीकडे सांधे बिघडल्याने अष्टौप्रहर वेदना सोसणारा त्यांचा बाबा होता. हे लक्षात आल्यापासून माझ्या कमरेतल्या कळेकडे मी थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. ती शत्रू असेलही, पण राखणदारही आहे. तिचे ऐकायचे, पण तिला घरमालक होऊ द्यायचे नाही.

१९९०मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाबांनी आनंदवनाचा निरोप घेतला आणि मध्य प्रदेशात बडवानीजवळ नर्मदेच्या काठी, कसरावदला जाऊन राहिले. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या बाजूने त्यांना उभे राहायचे होते. त्याच वर्षी त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी सरकारने दिलेले पद्म सन्मान परत केले. धरणाविषयी ज्याचे त्याचे मत वेगळे असू शकेल, तेव्हाही होते. पण ज्याला बसता येत नाही असा म्हातारा माणूस घरची सारी सोय सोडून नदीकाठी जवळजवळ दहा वर्षे काढतो, याची नोंद विरोधकांनाही घ्यावी लागली.

हे सारे एकट्या बाबांच्या निर्धाराने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. नर्मदेकाठीही साधनाताई बरोबर होत्या. ज्याला बसता येत नाही त्याचे जेवण, कपडे, औषधे, प्रवास, आल्यागेल्याचे बघणे हे सारे कुणीतरी रोज करीत असते. समिधा या आत्मकथनाचे नावच साधनाताईंच्या वाट्याला काय आले ते सांगते. सांध्यांचा जुनाट आजार घरात आला की तो एकाला होतो, पण निभावतात दोघे-तिघे. आणि बहुतेक घरांत निभावणारी बाई असते, जिचे स्वतःचे गुडघे कुणी विचारलेले नसतात. शेलूतही याहून वेगळे चित्र नाही. सासूबाईंना धरून न्हाणीघरात नेणारी सून स्वतः एका हाताने भिंत धरून उठते.

मग आपल्यासारख्यांनी करायचे काय? गाडीत बिछाना घालण्याची ऐपत सर्वांची नसते, पण घरात त्याची लहान रूपे करता येतात. उंच खाट, दोन्ही बाजूंना हात असलेली घट्ट खुर्ची, कमोड आणि त्याच्या शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, ओट्याशी उभ्याने स्वयंपाक, देवघर जमिनीवरून छातीच्या उंचीला. खर्च फार नाही, पण एका म्हाताऱ्या माणसाचे स्वातंत्र्य परत येते. लग्नात टेबलाची पंगत असली की आजी जेवायला येतात. आणि कीर्तनात मागे चार खुर्च्या टाकल्या की आजोबा देवळात येतात.

दुसरी गोष्ट हालचालीची. पाठ दुखली की आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहा, असे एकेकाळी डॉक्टरही सांगत. आता सांगत नाहीत. झेपेल इतके चालणे, मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून रोज करणे, हा या आजारावरचा पहिला उपाय मानला जातो. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा दुसरा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २००५मध्ये तो प्रसिद्ध झाला, असे दिसले की एक किलो वजन घटले की गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला चार किलोंनी घटतो. वेदनाशामक गोळ्या दुकानातून मनाने घेत राहणे मात्र पोटाला आणि मूत्रपिंडांना महागात पडते. गेलेली कूर्चा परत आणणारे औषध अजून कुणाच्याही पुडीत नाही, जाहिरात काहीही म्हणो. सांधा पारच गेला असेल तर बदलता येतो. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याला जे रूप दिले, त्यातून ही शस्त्रक्रिया जगभर रुळली. आपल्याकडे २०१७मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मणक्याचे तसे नाही. तिथे शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. पण पायातली ताकद अचानक कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाठदुखीबरोबर ताप येऊन वजन उतरू लागले, तर घरगुती शेक देत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

माझे म्हणाल तर कंबर अजून आहे तशीच आहे. व्यायामाने बसण्याची वीस मिनिटे चाळीसवर आली. हा मजकूर मी उभ्याने लिहिला, कपाटाच्या कप्प्यावर कागद ठेवून. लोकलमध्ये डब्यात गर्दी असली तरी आता वाईट वाटत नाही, नाहीतरी मी उभाच असतो.

बाबा नर्मदेहून आनंदवनात परतले ते वयाच्या पंच्याऐंशीनंतर. २००७मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत दफन करण्यात आले. साधनाताई २०११च्या जुलैत गेल्या. ज्या खडकाळ जमिनीवर सुरुवात झाली तिथे आज एक गावच नांदते आहे, आणि त्या गावाच्या इतिहासाची कित्येक वर्षे त्याच्या संस्थापकाने उभ्याने आणि आडव्याने काढलेली आहेत.

आपल्या घरातही कुणी असेल, जे हल्ली कुठे येत नाही. पूर्वी वारीला जात, माहेरी जात, भाजी आणायला म्हणून बाजारात जाऊन दोन घटका बोलून येत. आता नाही म्हणतात आणि आपणही आग्रह करत नाही. त्यांना आज संध्याकाळी कुठे दुखते ते विचारू नका, ते आपल्याला ठाऊक आहे. कुठे जायचे राहिले आहे, ते विचारा. आणि मग तिथे जायला काय काय करावे लागेल, याचा विचार सगळे मिळून करा.